संघाचे जनावर, गावाचे नाव

येत्या ११ जूनला मेक्सिको सिटीतील अझ्टेका मैदानावर मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका समोरासमोर येतील आणि फुटबॉलचा विश्वचषक सुरू होईल. संघ ४८, सामने १०४, यजमान देश तीन. १९ जुलैच्या अंतिम सामन्यापर्यंत आपल्याकडच्या शौकिनांच्या नशिबी जागरण आहे, कारण तिकडे दुपार होते तेव्हा इकडे मध्यरात्र उलटलेली असते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे विश्वचषकाची बाद फेरी आणि शाळेची पहिली घंटा यंदा एकाच सुमाराला येते. त्या आठवड्यात वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या देवळीच्या पोरांच्या तोंडी कोणाची नावे असतील, हे वेगळे सांगायला नको.

यजमान तीन, म्हणून शुभंकरही तीन. कॅनडाचा मेपल हा मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला घोड्याहून उंच वाढणारा प्राणी, तो गोलरक्षक. मेक्सिकोचा झायू हा जग्वार, आघाडीचा खेळाडू. अमेरिकेचा क्लच हा पांढऱ्या डोक्याचा गरुड, मधल्या फळीतला. ज्याने त्याने आपापल्या रानातले जनावर पुढे केले आहे. विश्वचषकात ही प्रथा १९६६ साली इंग्लंडने पाडली. ब्रिटिश झेंड्याचा सदरा घातलेला ‘विली’ नावाचा सिंह तेव्हा घराघरांत पोहोचला आणि त्यानंतरचा एकही विश्वचषक शुभंकरावाचून झाला नाही.

स्पर्धेचा शुभंकर हा महिनाभराचा पाहुणा असतो. स्पर्धा संपली की पोरेही त्याला विसरतात. क्लबच्या शुभंकराचे गणित निराळे आहे. तो एक तर तीन-तीन पिढ्या टिकतो, नाही तर कोणाला पत्ता न लागता नाहीसा होतो. तो कशाने टिकतो आणि कशाने जातो, याचा विचार देवळीसारख्या तालुक्याच्या गावाने करण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे खेळणारी पोरे आहेत, मोकळी जागा आहे, जनावरांवर जीव टाकणारी माणसे आहेत. या तिन्हींची गाठ मात्र अजून पडलेली नाही.

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या क्लबचा शुभंकर हा खराखुरा, जिवंत बोकड आहे. १९५० साली एका सर्कसच्या मालकीणबाई, कॅरोला विल्यम्स, यांनी तो क्लबला भेट दिला. त्या वेळी क्लबचे खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळणारे हेनेस वाइसवाइलर यांच्या नावावरून बोकडाचे नाव ठेवले गेले ‘हेनेस’. पहिला हेनेस गेला, दुसरा आला, मग तिसरा. राजघराण्यातल्यासारखे त्यांचे क्रमांक चालत आले आहेत आणि २०१९ पासून नववा हेनेस गादीवर आहे. सामन्याच्या दिवशी त्याला दोरीला धरून मैदानाच्या कडेला आणतात. अंगावर क्लबच्या रंगांची झूल असते. चाळीस-पन्नास हजारांच्या गजरात तो आपला गवताचा वास घेत उभा असतो, आणि गोल झाला की कधी कधी खेळाडू त्याच्याकडे धावत जातात. एका खेळाडूने तर आनंदाच्या भरात त्याची शिंगेच धरली होती. क्लबच्या बोधचिन्हात शहराच्या जगप्रसिद्ध चर्चला लागून मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला बोकड आहे. सरावाच्या ठिकाणचे क्लबघरही बोकडाच्याच नावाने ओळखले जाते.

बोकडाला सिंहाचा दरारा नाही, गरुडाची झेप नाही. आपल्या घरोघरच्या गोठ्यात बांधलेले ते गरिबाचे जनावर. पण १९९८ मध्ये कोलोनचा संघ पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि पुढे अनेकदा घसरला, तेव्हा बोकड बदला असे कोणी म्हटले नाही. संघ हरला तरी दुसऱ्या दिवशी आपल्या मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात हेनेसला बघायला जाणारी माणसे त्या शहरात आहेत. शुभंकराचे खरे काम इथे दिसते. जिंकण्याचा आनंद गुणतक्त्यावरून मिळतो. हरल्यावरही ज्याच्यापाशी जावेसे वाटते, असे काहीतरी क्लबकडे असावे लागते.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे आणि ते अधिक बोलके आहे. रिओ दि जानेरोच्या फ्लेमेंगो क्लबला गोरगरिबांचा, कृष्णवर्णीयांचा मोठा पाठिंबा. प्रतिस्पर्धी क्लबांचे लोक त्यांना ‘गिधाडे’ म्हणून हिणवत. त्या शिवीत रंगाचा द्वेष होता आणि गरिबीचाही. १९६९ साली बोटाफोगोविरुद्धच्या सामन्याला फ्लेमेंगोच्या काही समर्थकांनी माराकाना मैदानात एक जिवंत गिधाड नेले आणि त्याच्या पायाला क्लबचा झेंडा बांधून सोडून दिले. गिधाड हवेत घिरटी घेऊन मैदानात उतरले. ज्या बोटाफोगोला बराच काळ हरवता आले नव्हते, त्याला फ्लेमेंगोने त्या दिवशी हरवले. पुढे हेन्फिल या व्यंगचित्रकाराने ते गिधाड कागदावर आणले आणि ज्या शब्दाने मान खाली घालावी लागत होती, तोच शब्द लाखोंच्या छातीवर मिरवू लागला. साओ पावलोच्या पाल्मेरास क्लबनेही विरोधकांनी दिलेली डुकराची शिवी अशीच १९८६ साली उघडपणे आपली म्हणून घेतली.

इथे आम्हाला नागपूरची आठवण होते. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले त्यांनी पाहिली होती. त्यांच्या हाती चेंडू देताना बारसे सरांनी गोड, पांढरपेशे नाव शोधले नाही. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ हेच नाव ठेवले. इतरांनी तिरस्काराने उच्चारायचा शब्द त्यांनी संघाच्या कपाळी लावला आणि पुढे ती मुले देशाबाहेर जाऊन खेळून आली. पुढे २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट सगळ्यांना कळली. पण विदर्भाने हे आधी करून दाखवले होते, याचा अभिमान आपल्याला असायला हवा. रिओच्या गिधाडाला आणि नागपूरच्या झोपडपट्टीला जोडणारा धागा एकच आहे: आपण कोण, हे दुसऱ्याने ठरवायचे नाही.

मालकाने ठरवायचे नाही, हेही त्याच ओघात येते. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबचा रंग निळा आणि ओळख निळ्या पक्ष्याची. २०१२ मध्ये मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी क्लबला लाल सदरे दिले आणि बोधचिन्हात ड्रॅगन मोठा करून पक्षी कोपऱ्यात बसवला. आशियाच्या बाजारात लाल रंग चालतो, असा हिशेब त्यामागे होता. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. तरीही लोकांचा राग गेला नाही. पैसा आला, यश आले आणि मैदानात आपलेच कोणी उरले नाही, असे त्यांना वाटत राहिले. अखेर जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला आणि पक्षी आपल्या जागी आला. लोकांनी असाच राखलेला दुसरा शुभंकर म्हणजे आर्सेनल क्लबचा हिरवा डायनासोर ‘गनरसॉरस’. तो १९९३ सालच्या स्पर्धेतून एका ११ वर्षांच्या मुलाच्या कल्पनेने जन्मला. २०२० च्या कोरोनाकाळात त्या पोशाखातल्या माणसाला खर्चकपातीत कामावरून कमी केल्याची बातमी आली, तेव्हा जगभरातून इतका संताप उसळला की मेसुत ओझिल या खेळाडूने त्याचा पगार स्वतः देण्याची तयारी दाखवली. काही आठवड्यांत गनरसॉरस परत आला.

आता आपल्या घरी येऊ, कारण महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत दुखरा आहे.

मुंबईत फुटबॉल दीर्घकाळ कंपन्यांच्या आधाराने जगला. ऑर्के मिल्स, मफतलाल, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा ही नावे रोव्हर्स चषकाच्या काळातल्या शौकिनांना आजही पाठ असतील. यातल्या महिंद्रा युनायटेडचे खेळाडू ‘जीपवाले’ म्हणून ओळखले जात. २००५–०६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. चांगले खेळाडू, चांगला पैसा, राष्ट्रीय विजेतेपद, सगळे होते. पण जीप ही कंपनीची होती, कुठल्या मोहल्ल्याची नव्हती. संघ गेल्यावर त्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार?

पुण्याची कहाणी याहून चटका लावणारी आहे. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफसीने आपली ओळख म्हणून लाल घोरपड घेतली. मराठी माणसाच्या मनात घोरपड म्हटले की कोंढाणा उभा राहतो, यशवंती आठवते, तानाजी मालुसरे आठवतात. कड्याला चिकटलेली घोरपड सुटत नाही, ही आपल्याकडची पिढीजात समजूत. एखाद्या शहराच्या क्लबला यापेक्षा मातीतला शुभंकर मिळणे अवघड. संघही खेळला. २०१२–१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला. पण इंडियन सुपर लीगची झगमग सुरू झाली, आय-लीगमधला पैसा आटला आणि २०१५–१६ च्या सुमारास घोरपडीची पकड सुटली. २०१४ साली आलेल्या एफसी पुणे सिटीने घोडा घेतला. त्याची दौड २०१९ मध्ये थांबली आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. डीएसके शिवाजीयन्स हा तिसरा क्लब आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये मिटला. शिक्षणाचे माहेरघर, पेठांचा अभिमान असलेले शहर, आणि चार-पाच वर्षांत तीन व्यावसायिक फुटबॉल क्लब त्याच्या हातून निसटले.

घोरपड ही निवड म्हणून चुकीची नव्हती, उलट नेमकी होती. पण ती वरून आली. संघ उभा करणाऱ्यांनी ती पुण्याला दिली. पुण्याच्या एखाद्या पेठेने ती स्वतः पाळून, वाढवून मैदानात आणली नव्हती. बालेवाडीचे मैदान पेठांपासून दूर, सामने कामाच्या दिवशी, तिकीटखिडकीपाशी रांग नाही. प्रतीक कितीही मातीतले असले तरी ते धरून ठेवणारे हात नसतील तर ते कागदावरच राहते.

आणि इथूनच कोल्हापूरकडे पाहावे लागते. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांना झुलीतला बोकड नाही, पोशाखातला डायनासोर नाही. त्यांच्याकडे तालमी आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. एका संघाचे तर नावच उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्तीसाठी फुललेल्या तालमींच्या लाल मातीतून ही मंडळे उभी राहिली आणि त्याच नावांनी पोरे फुटबॉल खेळू लागली. मंगळवार पेठेतला पाटाकडील आणि शिवाजी पेठेतला शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना छत्रपती शाहू स्टेडियमवर असला की दोन्ही पेठांतली दुकाने लवकर बंद होतात, झेंडे निघतात, आणि पंच्याहत्तरीचे आजोबा नातवाचा हात धरून गॅलरीत जागा शोधतात. हाच तालमीचा झेंडा गणेशोत्सवात असतो, पुराच्या वेळी बोटीवर असतो आणि कोणाच्या मयतीला खांदा द्यायलाही तालमीचीच पोरे असतात. म्हणून तो झेंडा मैदानात फडकतो तेव्हा त्यामागे नव्वद मिनिटांपेक्षा मोठे आयुष्य उभे असते. २०१७ मध्ये भारताने १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला, त्या संघातला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

कोल्हापूरची दुसरी बाजूही सांगायला हवी. पेठेचा अभिमान तापला की हुल्लडबाजी होते, दगड येतात, सामने अर्ध्यावर थांबतात. ओळख घट्ट झाली की ती दुसऱ्याला मारायला धावू शकते. देवळीने कोल्हापूरकडून घ्यायचे असेल तर हे टाळून घ्यावे. आमच्या गावांत वस्त्या अजून जातवार आहेत. वस्तीवार संघ केले तर मैदानात जुनेच भांडण नव्या सदऱ्यात उतरेल. संघ शाळेचे असावेत, कारण निदान बाकावर तरी आपली मुले एकत्र बसतात.

गोव्याने मधला रस्ता धरला. एफसी गोवा हा इंडियन सुपर लीगचाच क्लब, पैसा वरूनच आला. पण त्याने राज्यप्राणी गवा हाच शुभंकर घेतला आणि गोव्यात फुटबॉल आधीच घराघरांत होता. डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांच्यावर वाढलेली माणसे फातोर्ड्याच्या मैदानात येऊन बसली आणि गव्याला घर मिळाले. जमीन तयार असेल तर पेरलेले उगवते.

आपली जमीन तयार करण्याची एक संधी २०१७ साली आली होती. त्या वर्षी १७ वर्षांखालील विश्वचषकाचा शुभंकर ‘खेलियो’ नावाचा ईशान्येकडच्या जंगलातला बिबट्या होता आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात सामने झाले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमात राज्यभरातील लाखो विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, अशी योजना झाली. शाळाशाळांना चेंडू मिळाले. वर्धा जिल्ह्यातली मुलेही त्या दिवशी मैदानात उतरली. उपक्रम चांगला होता, हे आम्ही मनापासून म्हणतो. उणीव एवढीच राहिली की चेंडू आला, संघ आला नाही. संघ म्हणजे अकरा पोरे नव्हेत. संघाला नाव लागते, रंग लागतो, हरल्यावर ज्याच्यासाठी पुन्हा खेळावेसे वाटेल असे चिन्ह लागते आणि ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला ताठ मानेने देता येईल असे उत्तर लागते. ते नसेल तर चेंडूतली हवा जाते आणि तो शाळेच्या कपाटात जातो.

देवळीला खेळाची ओळख नाही, असे कोणी म्हणू नये. हे गाव पैलवानांचे आहे. विदर्भ केसरीची गदा मिरवलेले आणि पुढे दहा वर्षे खासदार राहिलेले रामदास तडस याच गावचे. आमदंगलीच्या दिवशी आखाड्याभोवती जमणारी गर्दी, हलगीच्या तालावर चढणारा आवाज, आपल्या पैलवानाने डाव टाकला की उडणारे फेटे हे देवळीला नवे नाही. कोल्हापूरच्या तालमींनी कुस्तीच्या मातीतून फुटबॉल उगवून दाखवला, ती माती देवळीतही आहे. मिरणनाथ महाराजांच्या यात्रेला सगळे गाव एकवटते. आता वर्धा–कळंब मार्गावर देवळीला रेल्वेही आली आहे. पुलगाव, वर्धा, कळंबची मुले खेळायला इथे येऊ शकतात आणि आपली तिकडे जाऊ शकतात.

मग जनावर कोणते? पोरांना विचारले तर बहुतेक जण वाघ म्हणतील, आणि बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात असताना ते साहजिकही आहे. पण वाघ फार जणांनी घेऊन झाला आहे. २००८ च्या पुण्याच्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेचा ‘जिगर’ वाघ, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलचा ‘शेरा’ वाघ, खेलो इंडियाचा ‘विजय’ही वाघच. आमचे मत गवळाऊच्या बाजूने आहे. आर्वी, आष्टी, कारंजाच्या पट्ट्यातली ही पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, उंच पायांची गोवंशाची जात वर्धा जिल्ह्याची स्वतःची आहे. मराठी फौजांची रसद झपाट्याने पोहोचवायला हे बैल कामी येत, अशी त्यांची ख्याती. ओझे घेऊनही दुडक्या चालीने पल्ला गाठणारा, पटावर वाऱ्यासारखा सुटणारा आणि उन्हाला न हटणारा बैल. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारे राज्याचे कायदे वैध ठरवल्यापासून शंकरपट पुन्हा खुलेपणाने भरू लागले आहेत. पण संकरित गाई आणि ट्रॅक्टर यांच्या रेट्यात गवळाऊ घटत चालला आहे. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडीचे पैदास केंद्र त्याच्या संवर्धनासाठीच आहे. देवळीच्या पोराच्या सदऱ्यावर गवळाऊ आला तर घरी आजोबांना तो विचारेल, आपल्या दावणीला असा बैल होता का? त्या एका प्रश्नासाठीही ही निवड मोलाची आहे.

शुभंकराची मिरवणूक कशी काढायची, हे तर विदर्भाने जगाला शिकवावे. तान्हा पोळा आठवा. लाकडी नंदीला धुऊनपुसून काढतात. शिंगांना बेगड, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर आईने शिवलेली झूल, पायाखाली चाके. एवढेसे पोर ती दोरी ओढत निघते. नंदी खडीवरून उलटला की ते रडत नाही, खाली बसून आधी झूल नीट करते. कोणाचा नंदी मुठीएवढा, कोणाचा माणसाहून उंच. आपल्याच जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथल्या तान्ह्या पोळ्यात तर मोठमोठे नंदी पाहायला दुरून माणसे येतात. मोठ्या पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणणाऱ्या गड्याचा खडा आवाज ज्याने ऐकला, त्याला गॅलरीतल्या घोषणा शिकवाव्या लागणार नाहीत. कोलोनचे लोक बोकडावर जे प्रेम करतात, ते आपल्याकडे दर वर्षी एका अमावस्येला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ओसंडून वाहते. ते मैदानाकडे वळवण्याचेच काय ते बाकी आहे.

मुलींना यात मागे ठेवू नये. २०२२ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा शुभंकर ‘इभा’ नावाची सिंहीण होती आणि त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. स्पेनने कोलंबियाला १–० ने हरवले. देवळीच्या मुली आज सायकलवर शाळेत येतात, कबड्डी खेळतात. त्यांच्या संघाने गाय घ्यायची, टिटवी घ्यायची की रोही, हे त्यांनी ठरवावे. शिक्षकांनी आणि आम्ही संपादकांनीही त्यात बोलू नये. आम्ही गवळाऊची बाजू मांडली ती सूचना म्हणून. निवड पोरांचीच हवी, कारण वरून दिलेल्या घोरपडीचे काय होते ते पुण्याने दाखवले आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. महागडा पोशाख नको, जाहिरातदार नको. चित्रकलेच्या तासाला मुलांनी काढलेल्या चित्रांतून एक निवडावे, ते शाळेच्या भिंतीवर रंगवावे, त्याच रंगाचे सदरे शिवावेत आणि ते निदान दहा वर्षे बदलू नये. नवे मुख्याध्यापक आले, नवे नगराध्यक्ष आले म्हणून चिन्ह बदलायचे नाही, ही एकच अट महत्त्वाची. सदऱ्यावर कोणाही पुढाऱ्याचा फोटो नको. ज्या दिवशी तो येईल त्या दिवसापासून ते चिन्ह पोरांचे राहणार नाही.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे पोळा सप्टेंबरात आहे. शाळा उघडल्यापासून तोवर दोन महिन्यांहून अधिक वेळ मिळतो. देवळी तालुक्यातील शाळांनी जुलैअखेर आपापल्या संघाचे नाव, रंग आणि शुभंकर ठरवावा. माजी विद्यार्थ्यांनी सदऱ्यांचा खर्च उचलावा. देवळी नगर परिषदेने पोळ्यानंतरचा एक आठवडा मैदान मुला-मुलींच्या सामन्यांसाठी राखून ठेवावे आणि आखाड्यातल्या वस्तादांनी उद्घाटनाला यावे. जी शाळा आपल्या शुभंकराचे चित्र आणि तो का निवडला याच्या चार ओळी आमच्याकडे पाठवेल, तिचे चित्र आम्ही याच पानावर छापू.